एका खुर्चीला चार बोल्ट

एका खुर्चीला चार बोल्ट.
बारा हजार खुर्च्यांना किती, ते मला विचारा,
कारण स्टोअरची वही माझ्याकडे होती
आणि अठ्ठेचाळीस हजारांतले एकशे सहा
वाळूनं खाल्ले, असं मी सहीनिशी लिहून दिलंय.

गावाचं नाव सूर,
पण या बाबतीत कुणाचा कुणाशी लागत नाही.
स्टेडियम उघडून दुसरा उन्हाळाही झाला नाही,
जिन्यात रंगाचा वास तसाच,
आणि क्लबला आणखी आठ हजार खुर्च्या हव्यात,
उत्तरेच्या बाजूनं, दोन मजली.
न्हाव्याकडे, माशांच्या लिलावात,
पेट्रोल भरताना गाडीच्या काचेतून
जो तो विचारतो, वाढवायचं की नाही?
आपल्याकडे अंथरूण पाहून पाय पसरतात.
इथं अंथरूण आधी आलं,
पाय कुणाचे, ते आता शोधताहेत.

सेक्रेटरी हमूद म्हणतो, वर गेलो ना आपण, पहिल्या गटात,
मस्कतचे संघ येतील, त्यांची माणसं येतील,
ती काय उभी राहणार?
त्याचं बोलणं खोटं नाही.
एका संध्याकाळी खरंच गेटात माणूस मावला नव्हता,
पोरं दिव्याच्या खांबांवर चढली होती
आणि मी जिन्यात बसून नुसता आवाज पाहिला.
पण ती एक संध्याकाळ.
बाकीचे सामने मी मोजलेत,
हात रिकामे असले की माझे डोळे मोजत बसतात.
नऊशे चाळीस. सहाशे बारा.
एकदा, धुळीच्या वादळात,
दोनशे माणसं आणि एक मांजर.

पूर्वेच्या स्टँडात चार वाजता ऊन समोरून येतं.
तिथल्या निळ्या खुर्च्या आत्ताच पांढुरक्या पडल्यात.
तिथं एकटा अबू सुवैद बसतो, रांग चौदा,
घरून उशी आणतो, कॉफीचा थर्मास आणतो.
चाळीस वर्षं तो जुन्या मैदानाच्या भिंतीवर बसायचा.
म्हणतो, भिंतीला नंबर नव्हते, म्हणून सगळे मावायचे.
विस्ताराचं विचारलं तर कप पुढे करतो.
वेलची जास्त. उत्तर नाही.

आता माझं.
जिथं ते दोन मजले उठायचे
ती जागा नकाशावर कोरी आहे.
शुक्रवारी सकाळी ती कोरी नसते.
दोन चपला इकडे, दोन पाण्याचे कॅन तिकडे,
गोलकीपर टेकबहादूर, जो झेप घेत नाही
कारण धड शर्ट एकच आहे,
रोकन डाव्या पायाचा,
आणि आमच्या मंडणगडचा सत्तार मुकादम, रेफरी,
स्वतःही खेळतो,
स्वतःचा फाऊल त्याला कधी दिसलेला नाही.
नऊ वाजता ऊनच शिट्टी फुंकतं.
प्रेक्षक म्हणून बकऱ्या.

विस्तार झाला तर हे मैदान गेलं.
विस्तार झाला तर
माझा व्हिसा दोन वर्षं पुढे.
बत्तीस हजार बोल्ट.
धाकटीच्या नर्सिंगची फी त्यांतल्या कितव्या बोल्टावर फिटते,
तेही मी काढून ठेवलंय.

काल इंजिनियर वहीदनं विचारलं, सहज, जिन्यात,
तुला काय वाटतं, वाढवावं?
दहा वर्षांत मला काय वाटतं
हे कुणी विचारलं नव्हतं.
मी वही उघडली. मग मिटली.
म्हटलं, साहेब, आधी पूर्वेला छप्पर घाला.
तो हसला. लिहून घेतलं की नाही, कळलं नाही.

रात्री खोलीवर सत्तारला सांगितलं.
तो मोजे धूत होता. म्हणाला, येडा आहेस,
छपराला बोल्ट लागतात तरी किती?
मी उठून हिशेब केला.
जेमतेम सात महिने.

शुक्रवारी गेलो तर उत्तरेला
पायासाठी चुन्याच्या रेघा आखलेल्या.
कुणी काही बोलेना.
मग टेकबहादूर म्हणाला, बघा,
पहिल्यांदाच आपल्याला पेनल्टी बॉक्स मिळाला.
मी चपला काढल्या
आणि नीट त्या रेघेवर ठेवल्या.